रहस्याचे खेळ आणि कर्त्याची सचोटी

व्हिडिओ गेम हा शब्द उच्चारतांच बहुतेक घरांत दोन पक्ष पडतात. एका पक्षाला त्यांत वेळेचा नाश, डोळ्यांना शीण आणि अभ्यासाची हेळसांड याखेरीज कांहींच दिसत नाहीं. दुसऱ्या पक्षाला त्याहून गोड असें जगांत दुसरें कांहीं आहे हेंच मान्य नसतें. पहिल्या पक्षांत बहुधा वडील मंडळी असतात व दुसऱ्यांत आमचे बालमित्र. हा वाद हिरिरीनें चालतो खरा. परंतु ज्या वस्तूविषयीं तो चालतो ती घडते कशी, याचा विचार कोणत्याच पक्षानें फारसा केलेला नसतो. पुस्तक चांगलें कीं वाईट हें आपण तें वाचून ठरवितों, नाटक पाहून ठरवितों. खेळांच्या बाबतींत मात्र सगळे खेळ एकाच गोणींत भरले जातात. मग एक पक्ष ती गोणी घरांत आणूं पाहतो व दुसरा ती दाराबाहेर फेकूं पाहतो. गोणी उघडून आंत काय आहे तें पाहण्याचे श्रम कोणी घेत नाहीं.

सर्व खेळांचा विचार एका लेखांत होणें शक्य नाहीं. म्हणून आम्ही येथें एकच जात निवडली आहे. ती म्हणजे रहस्याचे खेळ. यांत कोणाचा तरी खून झालेला असतो, कोणी नाहींसें झालेलें असतें, किंवा एखादें ओसाड स्थळ आपली हकीकत पोटांत दडवून बसलेलें असतें. आणि खेळणाऱ्यानें स्वतः शोधक होऊन सत्य हुडकून काढावयाचें असतें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: अशा खेळाची योग्यता चित्रांच्या झगमगाटावर ठरत नाहीं, कर्ता खेळणाऱ्याशीं किती सचोटीनें वागतो, यावर ती ठरते. कथा, पात्रें आणि ध्वनि हीं त्याच्या हातांतील तीन साधनें. या तिहींच्या योगानें तो सत्य लपवितो, आणि तिहींच्याच योगानें त्यानें तें दाखविलेंहि पाहिजे. लपविणें ही त्याची कला होय. दाखविणें हें त्याचें कर्तव्य होय.

कथेपासून आरंभ करूं. मराठी वाचकांस रहस्यकथा नवी नाहीं. बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांचा झुंजार कित्येक घरांतील आजोबांना अद्यापि आठवत असेल. परंतु पुस्तकांतील रहस्य व खेळांतील रहस्य यांत एक मोठा भेद आहे. पुस्तक वाचतांना वाचकाचा तर्क चुकला तरी कथेचें कांहीं अडत नाहीं. पानें उलटीत गेलें कीं शेवटच्या प्रकरणांत उत्तर हातीं येतेंच. खेळांत खेळणाऱ्याला उमगलें नाहीं तर गोष्ट जागच्या जागीं थांबते. इंग्रज लेखक व धर्मगुरु रोनाल्ड नॉक्स यांनीं १९२९ सालीं गुप्तहेरकथेसाठीं दहा नियम घालून दिले. त्यांतील एक नियम असा कीं, गुप्तहेराला जो दुवा सांपडेल तो त्यानें वाचकापासून चोरून ठेवूं नये. पुस्तकाला हा नियम शोभा देतो. खेळाचा तर तो पायाच आहे.

म्हणूनच असा खेळ घडविणारा उलट्या दिशेनें चालतो. खेळणारा गुन्ह्याच्या जागेपासून निघून सत्याकडे जातो. कर्ता सत्यापासून निघून गुन्ह्याच्या जागेकडे येतो. त्या दिवशीं काय घडलें, कोण कोणत्या वेळीं कोठें होता, कोणाच्या हातांत काय होतें, याची पूर्ण हकीकत तो प्रथम आपल्यापुरती लिहून काढतो. तींत एकहि घटका रिकामी राहून चालत नाहीं. मग ती हकीकत तो फोडतो आणि तिचे तुकडे जागोजागीं ठेवून देतो: एक तुकडा जुन्या पत्रांत, एक चहाच्या पेल्यांत, एक नोकराच्या बोलण्यांत. एका निष्कर्षाला एकच धागा ठेवला आणि तोच खेळणाऱ्याच्या नजरेंतून निसटला, तर सारा खेळ अडून बसतो. यासाठीं जाणता कर्ता एकाच सत्याकडे नेणाऱ्या दोन-तीन वाटा मोकळ्या ठेवतो.

याचा एक सुंदर दाखला अमेरिकेंतील इन्फोकॉम कंपनीच्या ‘डेडलाइन’ या १९८२ सालच्या खेळांत आढळतो. या खेळांत चित्र एकहि नाहीं. पडद्यावर केवळ शब्द उमटतात. एक धनाढ्य उद्योगपति आपल्या ग्रंथालयांत, बंद दाराआड, मृत सांपडतो, आणि खरें काय तें शोधण्यास खेळणाऱ्याला खेळांतील बारा तास मिळतात. सर्व मजकूर त्या काळच्या संगणकाच्या चकतीवर मावेना. तेव्हां कर्ते मार्क ब्लँक व त्यांच्या मंडळींनीं एक युक्ति योजिली. पोलिसांनीं घेतलेल्या जबान्या, प्रयोगशाळेचा अहवाल, गुन्ह्याच्या जागेचें छायाचित्र, इतकेंच काय, पुरावा म्हणून औषधाच्या गोळ्यासुद्धां त्यांनीं खेळाच्या पेटींतच घालून दिल्या. खेळणारा टेबलावर कागद पसरून बसूं लागला. अडचण होती तीच शोभा ठरली. आणि मुख्य म्हणजे आरंभींचे पुरावे प्रत्येकाच्या हातीं सारखेच पडले.

शब्दांच्या खेळांत दुसरीहि एक अडचण असे. १९८३ सालीं जपानांत युजी होरी यांनीं कोबे शहराच्या परिसरांत घडणाऱ्या खुनांच्या तपासाचा ‘पोर्टोपिया’ नांवाचा खेळ रचला. आरंभींच्या आवृत्तींत खेळणाऱ्यानें आज्ञा स्वतः टंकून द्यावयाची असे. यंत्राला जे शब्द ठाऊक तेवढेच त्याला कळत. एकाच अर्थाचा दुसरा शब्द योजिला तर तें मुकें राही. अशा वेळीं खेळणारा गुन्हेगाराचा शोध सोडून शब्दाचा शोध करीत बसतो. १९८५ सालीं हाच खेळ दूरचित्रवाणीच्या संचाला जोडावयाच्या घरगुती यंत्रासाठीं निघाला, तेव्हां आज्ञांची यादी पडद्यावरच दिली गेली. बदल दिसण्यांत लहान. परंतु त्याचें मर्म मोठें आहे. कोडें गुन्ह्यांत असावें, यंत्राच्या अडेलपणांत असूं नये, हें त्यानें शिकविलें. परीक्षेंतील प्रश्न कठीण असला तर विद्यार्थ्याची तक्रार नसते; प्रश्नाची छपाईच अस्पष्ट असली तर ती असते, आणि ती रास्त असते.

आतां अलीकडील एक खेळ घेऊं. लुकस पोप या अमेरिकन कर्त्यानें जवळजवळ एकहातीं रचलेला ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हा खेळ २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. कथेचा काल १८०७. कित्येक वर्षें बेपत्ता असलेलें एक व्यापारी जहाज इंग्लंडांतील फालमथ बंदरांत येऊन लागतें; त्यावर जिवंत असें कोणीहि नाहीं. ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीनें विम्याचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याच्या भूमिकेंतून खेळणाऱ्यानें जहाजावरील साठ जणांपैकीं प्रत्येकाचें नांव काय व त्याचा शेवट कसा झाला, हें वहींत नोंदावयाचें असतें. त्याच्याजवळ एक अद्भुत घड्याळ असतें. मृताजवळ तें उघडलें कीं मरणाच्या क्षणाचें गोठलेलें दृश्य दिसतें. पण त्या दृश्यांत कोणी आपलें नांव सांगत नाहीं. झोपण्याच्या झोळीवरील क्रमांक, अंगावरील पोशाख, पायांतील जोडे, बोलण्याची ढब, कोण कोणाच्या सोबत उभा राहतो, यांवरून ओळख पटवावी लागते. जहाजाच्या नांवनिशीवार यादींत प्रत्येकाचा देश व काम दिलेलें आहे, आणि तींत हिंदुस्थानचे खलाशीहि आहेत. कारण कंपनीच्या जहाजांवर हिंदी खलाशी खरोखरच राबत असत. एखादा मुलगा इतिहासाच्या पुस्तकांतील ईस्ट इंडिया कंपनी केवळ परीक्षेपुरती पाठ करतो. येथें त्याच कंपनीच्या नोंदवहीवर ओणवून तो तासन् तास विचार करूं लागतो.

या खेळांतील एक योजना आम्हांस विशेष मार्मिक वाटते. नोंद बरोबर आहे कीं नाहीं हें खेळ लगेच सांगत नाहीं. तीन जणांच्या नोंदी बिनचूक झाल्या म्हणजे मगच त्या एकदम पक्क्या होतात. एका नांवाबद्दल अंदाजानें दगड मारणें सोपें. तीन नांवांबद्दल एकाच वेळीं तसें करणें फार कठीण. अशा रीतीनें कर्त्यानें आळशी तर्काचें दार बंद केलें आहे आणि खऱ्या तर्काचें उघडें ठेवलें आहे. उलट ज्या खेळांत चार उत्तरांपैकीं एकामागून एक दाबीत गेलें कीं बरोबर उत्तर आपोआप सांपडतें, तेथें शोध कसला आणि शोधक कसला!

कथेचा सांगाडा असा उभा राहिला, तरी त्यांत जीव ओततात तीं पात्रें. रहस्याच्या खेळांतील पात्र म्हणजे एक साक्षीदारच होय. तें काय जाणतें, काय लपवितें आणि कां लपवितें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें कर्त्याजवळ तयार असलीं पाहिजेत. एकट्या गुन्हेगारानेंच कांहीं लपविलें तर तो पहिल्याच भेटींत उघडा पडेल; म्हणून निर्दोष माणसांपाशींहि कांहीं तरी झांकण्याजोगें ठेवावें लागतें. कोणाला कर्जाची लाज असते, कोणी दुसऱ्याला वांचविण्यासाठीं गप्प बसतो. वर सांगितलेल्या ‘डेडलाइन’मध्यें तर घरांतील माणसें खेळणाऱ्याची वाट पाहत एका जागीं उभीं राहत नाहींत, आपापल्या वेळापत्रकाप्रमाणें तीं घरभर हिंडतात, बोलतात, निघून जातात. शोधकानें योग्य वेळीं योग्य ठिकाणीं असावें लागतें. जग आपल्याभोंवतीं फिरत नाहीं, हा धडा कांहीं अगदींच निरुपयोगी नाहीं.

पात्रचित्रणाचा दुसरा नमुना जपानांतील कॅपकॉम कंपनीचा. शू ताकुमी यांनीं अवघ्या सात जणांच्या सहाय्यानें २००१ सालीं न्यायालयाचा एक खेळ तयार केला; ‘एस ॲटर्नी’ या नांवानें तो जगभर गेला. खेळणारा त्यांत बचावाचा वकील असतो. साक्षीदार आपली जबानी वाक्या-वाक्यानें देतो. त्यांतील खोटें वाक्य हेरून त्याच्याविरुद्ध नेमका पुरावा पुढें करावयाचा. नवल असें कीं, पहिल्याच खटल्यांत गुन्हेगार कोण हें आरंभीं उघड दाखविलेलें आहे. ‘कोण’ हें कळूनहि गोडी कमी होत नाहीं, कारण गोडी आहे ती खोटें कसें कोसळतें हें पाहण्यांत. हातांत मावणाऱ्या त्या लहानशा यंत्रावर चित्रांना जागा थोडी. म्हणून प्रत्येक पात्राला मोजक्याच मुद्रा दिल्या. जबानी देतांना साक्षीदार ऐटींत उभा असतो. पुराव्याचा घाव बसतांच त्याची मुद्रा पालटते. नायकाचें जपानी आडनांव ‘नारुहोदो’. त्या भाषेंत या शब्दाचा अर्थ ‘अच्छा, असें होय तर!’ असा आहे. सत्य उमगल्यावर तोंडून जो उद्गार निघतो तोच वकिलाच्या नांवांत गोंवून ठेवला आहे.

याच्या उलट टोकाला सॅम बार्लो या इंग्रज कर्त्याचा २०१५ सालचा ‘हर स्टोरी’ हा खेळ उभा आहे. त्यांत पात्र एकच, एक स्त्री. आणि नटीहि एकच, व्हीव्हा सायफर्ट. १९९४ सालीं पोलिसांनीं घेतलेल्या तिच्या मुलाखतींचे २७१ लहान तुकडे संगणकांत सांठविलेले आहेत. पोलिसांचे प्रश्न ऐकूं येत नाहींत, केवळ तिचीं उत्तरें दिसतात. खेळणाऱ्यानें एखादा शब्द टंकावा. तो शब्द ज्या उत्तरांत आला असेल त्यांपैकीं पहिलीं पांचच उत्तरें पाहावयास मिळतात. म्हणजे शब्द जितका नेमका, तितका शोध खोल. येथें लेखकाला प्रत्येक वाक्य तराजूंत घालून लिहावें लागतें. महत्त्वाचा शब्द फार वेळां आला तर खरें उत्तर गर्दींत हरवतें. मुळींच आला नाहीं तर तें कधींच सांपडत नाहीं. शब्द जपून वापरावे असें भाषेच्या तासाला शिक्षक सांगतात. त्याचा इतका उघड प्रत्यय दुसरीकडे क्वचितच येत असेल.

पात्रांच्या बाबतींत सचोटी सुटली म्हणजे काय होतें, हेंहि पाहण्यासारखें आहे. २०११ सालीं निघालेला ‘एल. ए. नॉयर’ हा खेळ १९४७ च्या लॉस एंजेलिस शहरांतील पोलीस-तपासाचा आहे. संशयिताच्या चेहऱ्यावरून तो खरें बोलतो कीं खोटें हें ओळखतां यावें, यासाठीं नटांच्या चेहऱ्यांचें ३२ कॅमेऱ्यांनीं एकाच वेळीं चित्रण करण्यांत आलें. इतका खटाटोप झाला. परंतु खेळणाऱ्याला दिलेल्या तीन पर्यायांपैकीं ‘शंका’ या एका शब्दानें घोटाळा केला. शंका म्हणजे सौम्य विचारणा असें समजून खेळणारा तो पर्याय निवडी, आणि पडद्यावरील अधिकारी एकदम साक्षीदारावर ओरडूं लागे. आपण बोललों एक आणि आपल्या तोंडीं आलें दुसरेंच, असा अनुभव पुष्कळांना आला. २०१७ च्या नव्या आवृत्तींत तिन्ही पर्यायांचीं नांवें बदलावीं लागलीं. बत्तीस कॅमेऱ्यांनीं जें मिळविलें त्याला एका चुकीच्या शब्दानें बाध आणला. यंत्रसामग्री कितीहि मोठी असो, शब्दाची जबाबदारी तिच्यावर ढकलतां येत नाहीं.

आतां तिसरें साधन, ध्वनि. डोळा एका वेळीं एकाच दिशेला पाहतो. कान सर्व दिशांनीं उघडे असतात. म्हणून रहस्याच्या खेळांत अर्धें काम कानाकडे सोपविलेलें असतें. १९९३ सालीं रँड व रॉबिन मिलर या अमेरिकन बंधूंनीं ‘मिस्ट’ नांवाचा खेळ काढला. एक निर्जन बेट, जुनीं यंत्रें, कांहीं पुस्तकें, आणि येथें काय घडलें असावें हें सांगण्यास समोर कोणीहि नाहीं. या बेटावर वारा, पाणी आणि यंत्रांची घरघर हेच काय ते सोबती. ध्वनीचें काम क्रिस ब्रँडकँप यांच्याकडे होतें. भट्टींतील आगीचा आवाज त्यांना हवा होता. परंतु खऱ्या आगीचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकला तो खरा वाटेना! शेवटीं त्यांनीं आपल्या अंगणाच्या वाटेवरील खड्यांवरून मोटार अगदीं हळू चालविली, आणि चाकांखालीं खडे चुरडण्याचा तो आवाज आग म्हणून शोभला. मनोऱ्यावरील मोठ्या घड्याळाचा नाद त्यांनीं एका पान्याच्या आवाजापासून, त्याची पट्टी खालीं उतरवून, निर्माण केला. आमच्या नाटकमंडळ्याहि विंगेंत पत्रा हलवून मेघगर्जना उठवीत, जातकुळी तीच.

या बंधूंचा आरंभीं असा समज होता कीं, संगीत घातलें तर बेटाचा खरेपणा नाहींसा होईल. परंतु एका भागापुरतें तें घालून पाहिलें, तेव्हां खेळणाऱ्याचें लक्ष विचलित होण्याऐवजीं प्रसंगाचा रंग अधिक गडद झाला. मग रॉबिन मिलर यांनीं स्वतःच सुमारें चाळीस मिनिटांचें संगीत रचलें. आधीं मत बनवावें, मग तें पारखून पाहावें, आणि पारख विरुद्ध गेली तर मत सोडून द्यावें, हा कारागिराचा गुण आहे. वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनीं तो उचलावा असा आहे.

ध्वनि पुरावाहि होऊं शकतो. ‘ओब्रा डिन’मध्यें प्रत्येक दृश्यापूर्वीं पडदा काळा होतो आणि मरणापूर्वींचे कांहीं क्षण केवळ ऐकूं येतात: पावलें, धडपड, दोन-चार तुटक वाक्यें. त्या वाक्यांतील हेल कोणत्या देशाचा, हाक कोणी कोणाला मारली, हें ज्यानें नीट ऐकलें त्याला निम्में उत्तर मिळालें. ‘एस ॲटर्नी’मध्यें अक्षरें उमटतांना टिकटिक असा बारीक आवाज होतो, पुरुष व स्त्री यांच्यासाठीं त्याची पट्टी निराळी असते, आणि तेवढ्यावर आपले कान संवाद ऐकल्याचें समाधान मानतात. उलटतपासणी सत्याजवळ आली कीं संगीताची लय वाढते. वकील हरकत घेतो त्या क्षणीं तें थांबतें. त्या शांततेचा परिणाम कोणत्याहि वाद्याहून अधिक होतो. ‘एल. ए. नॉयर’मध्यें तपासाच्या जागीं मंद संगीत चालू असतें आणि पाहण्याजोगें सर्व पाहून झालें म्हणजे तें विरतें. म्हणजे संगीतच शोधकाला सांगतें कीं, येथलें काम संपलें.

येथेंहि सचोटीचा प्रश्न आहेच. खड्यांचा आवाज आगीसाठीं वापरणें ही फसवणूक नव्हे, कारण आग कथेंत खरोखरच आहे. परंतु दाराआड कोणी नसतांना केवळ दचकविण्यासाठीं किंकाळी फोडणें, प्रत्येक वळणावर ढोल वाजवून छाती धडधडविणें, हें दिवाळें निघालेल्या कथेचें लक्षण होय. भीति आणि कुतूहल या दोन वेगळ्या वस्तु आहेत. भीतीनें मनुष्य डोळे मिटतो. कुतूहलानें तो ते उघडतो. ज्या खेळांत भीतीच अधिक, तो रहस्याचा वेष घेतलेला दुसराच कांहीं प्रकार समजावा.

आतां पालकांच्या आक्षेपांकडे वळूं. खेळाचा नाद अनावर होऊं शकतो हें त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या व २०२२ पासून अंमलांत आलेल्या रोगांच्या वर्गीकरणांत, खेळावरील ताबा सुटून इतर सर्व व्यवहार मागें पडणें याची विकार म्हणून नोंद केली आहे. जो मुलगा जेवण, झोंप आणि मित्र विसरून पडद्याला चिकटला, त्याच्या पुढें ‘यांत तर्कशक्ति वाढते’ असें समर्थन करणें हा शुद्ध कांगावा होय. दुसरें असें कीं, हत्या व रक्तपात हा या जातीच्या पुष्कळ खेळांचा विषयच असतो. आम्हीं वर ज्यांची स्तुति केली त्यांतील ‘ओब्रा डिन’मध्येंहि मरणाचीं भयानक दृश्यें आहेत, आणि ‘एल. ए. नॉयर’ तर प्रौढांसाठींच आहे. अमेरिकेंत १९९४ पासून व युरोपांत २००३ पासून खेळांच्या वेष्टनावर वयोमर्यादेचा शिक्का छापण्याची पद्धत आहे. तो शिक्का वडिलांनीं वाचावा आणि मुलांनीं पाळावा. एखाद्या वस्तूची कारागिरी उत्तम असली म्हणून ती प्रत्येक वयाला योग्य होत नाहीं.

परंतु इतकें मान्य करूनहि आम्ही पालकांस विनवितों कीं, सरसकट बंदी हें उत्तर समजूं नये. खेळ जवळ बसून एकदां पाहावा आणि तीन प्रश्न विचारावे. या खेळांत विचार करणारा जिंकतो, कीं नुसता बोटें चालविणारा? उत्तर कळल्यावर, ‘अरे, हें तर डोळ्यांसमोरच होतें!’ असें वाटतें, कीं फसविल्यासारखें वाटतें? आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा: हा खेळ कधीं तरी संपतो काय? चांगल्या रहस्याला शेवट असतो. सत्य कळलें कीं तें खेळणाऱ्याला मोकळें करतें. ज्या खेळाला शेवटच नाहीं, जो रोज नवें आमिष दाखवून आणि घटकेघटकेला पैसे मागून पुन्हां बोलावतो, त्याच्या कर्त्याला खेळणाऱ्याच्या बुद्धीशीं कर्तव्य नसून त्याच्या संवयीशीं आहे. या तीन कसोट्यांना जो खेळ उतरेल त्याला चांगल्या पुस्तकाशेजारीं जागा द्यावयास आमची हरकत नाहीं. वडील व मुलें मिळून कागद-पेन्सिल घेऊन तो सोडवूं लागलीं, तर घरांतील ते दोन पक्षहि कांहीं काळ एक होतील.

विद्यार्थिमित्रांस आमचें सांगणें निराळें आहे. तुम्ही खेळणारे आहांच. आतां एकदां घडविणारे होऊन पाहा. याला भारी यंत्र लागत नाहीं. प्रथम एका पानावर सत्य लिहून काढा: शाळेच्या वाचनालयांतून एक दुर्मिळ पुस्तक नाहींसें झालें, तें कोणी नेलें आणि कां. मग पांच पात्रें योजा. प्रत्येकाला लपविण्याजोगी एक गोष्ट द्या. खऱ्या उत्तराकडे जाणारे तीन दुवे तीन ठिकाणीं ठेवा. नंतर वर्गांतील ज्या मित्राला उत्तर ठाऊक नाहीं त्याच्या हातीं तो खेळ द्या आणि स्वतः गप्प बसून पाहा. तो कोठें अडतो, कोठें भलतीकडे वळतो, हें टिपा. कारण तो अडला तर पुष्कळदां दोष आपल्या मांडणीचा असतो. दुव्यांची वही पुरी झाली म्हणजे करवंटी, पत्रा, किल्ल्यांचा जुडगा, ओलें फडकें यांच्यापासून आवाज काढा. संगणकावर करावयाचें असल्यास क्रिस क्लिमास यांनीं २००९ सालीं तयार केलेलें ‘ट्वाइन’ हें साधन विनामूल्य मिळतें. त्यांत एकमेकांना जोडलेलीं पानें लिहितां येतात, आणि तीं मराठींतहि लिहितां येतात. कोबे शहराचें रहस्य जपानी माणसानें जपानींत रचलें. तुमच्या गांवच्या वाड्याचें, बंदराचें, एस्‌टीच्या थांब्याचें रहस्य मराठींत रचण्याचें काम दुसऱ्या कोणी येऊन कां करावें?

हें करतांना एक गोष्ट तुमच्या ध्यानांत आल्यावांचून राहणार नाहीं. दुसऱ्याला चकविणें फार सोपें आहे. दुवा काढून घेतला कीं झालें. दुसऱ्याला चकवूनहि त्याच्याशीं प्रामाणिक राहणें मात्र कठीण, कारण त्यासाठीं समोरचा आपल्याइतकाच बुद्धिमान आहे हें आधीं मान्य करावें लागतें. जे कर्ते हें मान्य करतात त्यांचे खेळ आम्ही चांगले म्हणतों. जे मान्य करीत नाहींत त्यांच्या खेळांवर तुमची एकहि संध्याकाळ खर्च होऊं नये, एवढीच आमची इच्छा आहे.